मेंढरं गंगेकाठी, मी वालूरला

२० नोव्हेंबर १९९३, शनिवार

ही डायरी डॉक्टरसाहेबांनी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, मागच्या सालची, कोरी राहिलेली. म्हणाले, "येडबा, दहावीपर्यंत शिकलायस म्हणतोस, तर लिहीत जा. ताप आला का, पू आला का, जखमेचा रंग कसा आहे. दाखवायला येशील तेव्हा सोबत आण." छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून ते खोडून माझे मी टाकतो आहे.

ताप नाही. पू नाही. पट्टीवर थोडं रक्त.

एवढं लिहून झालं, पण पान लय मोठं आहे.

दोन वर्षांखाली सोनपेठच्या अंगाला मेंढरामागं चालताना बाभळीचा काटा तळव्यात मोडला. मेंढक्याला काट्याचं काय कौतुक? सुईनं टोकरलं, बिब्बा लावला आणि चालत राहिलो. मग तळवा सुजून दगडासारखा झाला. त्यातून खसखशीसारखे काळे कण यायला लागले. तरी चाललो. शेवटी दिवाळीच्या तोंडावर परभणीला कापावं लागलं. डाव्या पायाची करंगळी गेली, शेजारचं बोट गेलं, मागचं हाडही थोडं गेलं.

दिवाळी झाली की आम्ही हटकर लोक मेंढरं घेऊन बाहेर पडतो ते पावसाळ्यातच परततो. गंगेकाठचे, म्हणजे गोदावरीकाठचे, शेतकरी रात्रीची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, खताच्या बदल्यात दाणे देतात. दरसाल मी, भाऊ लिंबाजी आणि त्याची बायको धुरपता जातो. धुरपता बिऱ्हाड बघते, आम्ही दोघं कळपामागं. केवळा, माझी बायको, घरी मायजवळ राहते. दोन एकर बरड आहे, ते करते.

आज लिंबाजी म्हणाला, "दादा, मी एकटा कसा पुरा पडू?"

मी काही बोलायच्या आत केवळा आतून म्हणाली, "मी जाते कळपामागं."

मी हसलो. म्हणालो, "बिऱ्हाड सांभाळणं निराळं अन् मेंढरामागं चालणं निराळं. पाय राहतेत का तुपले?"

"चालून बघते," म्हणाली. चुलीपुढनं उठलीसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

ताप नाही.

आज सकाळी गेले. घोडीवर बिऱ्हाड लादलं, वर आमच्या मालनला बसवली. पोरगी चार वर्षांची, घोडीच्या मानेला मिठी मारून नुसती हसत होती. माय तिच्या टोपडीची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. रान बायनाबाईच्या घरी बटईनं दिलं. ती आमची भाऊबंदच, भिंतीला भिंत.

केवळानं माझं घोंगडं घेतलं, माझी काठीही घेतली. मला विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "पाय कोरडा ठेवा." गावाबाहेर वळणावर जाईपर्यंत मी कुबडीवर उभा होतो. तिनं मागं बघितलं नाही. मी जाताना मागं बघायचो की नाही, आठवून बघितलं. आठवलं नाही.

मेंढरं गेल्यावर अंगणात वास तेवढा राहतो. आत्ता तोसुद्धा जायला लागला आहे.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सरकारी दवाखान्यातला पंडित पट्टी बदलायला येतो. भीमनगरात राहतो, हात हलका आहे. त्याला म्हणालो, "पंडित, करंगळी लय दुखती रे." तो म्हणाला, "कंची? हाय कुटं ती?" मग म्हणाला असं होतं, दवाखान्यात बघितलंय. मेलेल्या बोटाला खाज येते, कळ येते, खाजवायला जावं तर तिथं काही नसतं.

दिवसभर ओट्यावर बसतो. घरात जीव घाबरतो. मला रानाची आठवण येते, दुसरं काही नाही. पहाटेचा गारठा, मेंढरांच्या श्वासाची वाफ. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यातून मानवतकडचा रस्ता वळणापर्यंत दिसतो, म्हणून तिथंच बसतो.

बायनाबाई पाणी घेऊन जाताना थांबली. म्हणाली, "तिचीच जागा धरली की रं बाबा."

"कोणाची?"

"केवळाची. सांजचं ती हितंच बसायची. तिची पाठ टेकून टेकून भिंतीचा पांढरा रंग उडालाय बघ."

बघितलं तर खरंच उडालेला आहे. पाय बरा झाला की भिंत सारवून घेतली पाहिजे.

८ डिसेंबर, बुधवार

पाण्यासारखा स्राव आला, पंडित म्हणतो भिण्यासारखं नाही.

आठ दिवस झाले लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काय घडतं? माय भाकरी करते, मी खातो. आज मायनं एक भाकर जास्त केली आणि मग स्वतःवरच चिडली. "हात चुकला. केवळाची सवय लागली मला."

म्हटलं, "ती जास्त करायची का?"

"दर आमुशाला. तू एकडाव अवचित आल्तास ना आमुशाला, लग्न झालं त्या साली? घरात कोर नव्हती भाकरीची. तवापसनं दर आमुशाला तुपल्या वाटणीची करून ठेवायची."

मला ते आलेलं आठवत होतं. उपाशी झोपलेलं आठवत नव्हतं. मी मायला म्हणालो, "वाया जात असंल ती." माय म्हणाली, "वाया न्हाई जायची. सकाळी ती खायची." आणि उठून आत गेली.

पायाला आज कळ कमी आहे.

१९ डिसेंबर, रविवार, चंपाषष्ठी

मायनं खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा केला. दुपारी ग्यानबा आला. त्याची मेंढरंही आमच्या मेंढरांजवळच, पाथरीच्या खाली उतरली आहेत. बापाला बघायला दोन दिवसांसाठी गावात आलाय. मी त्याच्या पुढ्यात रोडगा ठेवला आणि बसवून घेतला.

"मेंढरं?"

"खुशाल. तुपला तो काना मेंढा लंगडत व्हता, केवळावयनीनं त्याचा खूर साफ करून दिला. धा-बारा माद्या व्यायला झाल्यात."

"अन् बिऱ्हाड?"

"बेस हाय. मालन तर कोकरात कोकरू झाली." मग ग्यानबा हसायला लागला. "परवा लांडगा आल्ता. लिंबाजी झोपेत व्हता. वयनी उठली, काठी घेऊन अशी धावली अन् असं वरडली, लांडगा तर पळालाच, माजीबी मेंढरं उधळली! मग आमी समदे हसाय लागलो. वयनी तर खाली बसून हसायली, डोळ्यातून पाणी."

केवळाला इतकी हसताना मी कधी बघितली, ते आठवत बसलो. लग्नातसुद्धा ती हसली नव्हती. घरी तर तिचं बोलणं भाकर वाढू का, पाणी तापवू का, एवढंच.

"मला काही निरोप?"

"दिला ना. पाय कोरडा ठेवा म्हणली."

"एवढाच?"

"एवढाच."

ग्यानबा गेल्यावर माझं डोकं उगीच फिरलं. भरीत तिखट झालंय म्हणून मायवर वसकलो. भरीत बरोबर होतं.

२७ डिसेंबर, सोमवार

थंडी. काही नाही.

७ जानेवारी १९९४, शुक्रवार

डायरीतली जानेवारीची पानं सुरवातीला आहेत, म्हणून आता पुढून लिहितो आहे.

परभणीला जाऊन आलो. डॉक्टरसाहेबांनी जखम बघितली, खूश झाले. डायरी उघडून दोन-तीन पानं वाचली आणि माझ्याकडं बघून बंद केली. म्हणाले, "जखमेचं यात फार थोडं आहे रे." मला शरम वाटली. पण परत दिली, म्हणाले लिहीत राहा.

मग मी विचारलं, "साहेब, होळीपर्यंत मेंढरामागं जाता येईल ना?"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. तेव्हाच मला कळलं. माणूस चांगली गोष्ट सांगायची असली तर खुर्ची ओढत नाही.

"येडबा, चालशील. बूट-चपलेत आधार करून देऊ, गावात हिंडशील, थोडंफार शेतात जाशील. पण दिवसभर काट्याकुट्यातून, दगडातून, कळपामागं... ते आता नाही. जखम पुन्हा उकलली तर पाय जाईल."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

एसटीत खिडकीजवळ बसलो होतो. झरीच्या पुढं रस्त्याकडेला मेंढरांचं एक खांड चरत होतं. मी मान फिरवून घेतली.

मायला काही सांगितलं नाही. ती चहा करते म्हणाली, मी नको म्हणालो. तिनं केलाच.

१५ जानेवारी, शनिवार

काल संक्रांत. रात्री रेडिओवर बातमी लागली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. गावात दोन्हीकडं लोक गप्प गप्प होते. गाड्या आज आल्या नाहीत, कुठं काय होईल म्हणून बंद ठेवल्यात म्हणे. म्हणजे ग्यानबाही येणार नाही, निरोपही नाही.

मला वाटलं आज पंडितही येणार नाही. पण आला. नवा सदरा घालून. आधी पट्टी सोडली, जखम धुतली, बांधली, हात धुतले आणि मग खिशातून कागदाची पुडी काढली. पेढे.

मी घेतला. त्यानं मायपुढं पुडी धरली. माय जराशी थांबली. तिच्या जन्मात तिनं भीमनगरातलं काही खाल्लेलं नव्हतं. पंडितचा हात तसाच होता, पुढंही नाही आणि मागंही नाही. मग माय म्हणाली, "माज्या पोराचा सडका पाय रोज हातात घेतोस तू. दे." आणि तिथंच तोंडात टाकला.

पंडित एकदम खाली बसला. म्हणाला, "आज्जे, अठ्ठ्याहत्तर साली मी लहान व्हतो. आजोळी व्हतो. आमची आळी पेटवली तवा आईनं मला कडब्याच्या गंजीत लपवलं. नाव द्या म्हणून बाप तुरुंगात जाऊन आला. दर सालाला म्हणायचा, औंदा व्हईल. परसाल गेला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "काल रेडिओ ऐकला अन् पयलं काय वाटलं, बापाला सांगून यावं."

मी त्याला म्हणालो, "मेंढरामागं मला आता जाता येणार नाही, पंडित." कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यालाच कसं सांगितलं कोण जाणे. माय दारातच होती. तिनं ऐकलं.

२८ जानेवारी, शुक्रवार

जखम सुकली. वर गुलाबी कातडी आली आहे, लहान लेकराच्या ओठासारखी.

ग्यानबा येऊन गेला. त्याच्याजवळ निरोप दिला. तीन दिवस विचार करून दिला आहे. लिंबाजीला आणि केवळाला सांग, शिवरात्रीच्या आत कळप परत आणा. मेंढरं विकून टाकायची. ज्याच्या नावानं कळप आहे तोच चालत नाही, तर कळप ठेवून काय करायचं? घरी चार शेळ्या बांधू. बटईचं रान परत घेऊ. केवळाही मोकळी होईल, उन्हातान्हात तिचे हाल नकोत.

ग्यानबानं विचारलं, "वयनीला इचारून बघू का काय म्हणते?"

मी म्हणालो, "विचारायचं न्हाई. सांगायचं."

पिढ्यानपिढ्यांची मेंढरं. निरोप देताना जीभ जड झाली होती, पण दिला. आता बरं वाटायला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर नाही. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. मानवतच्या बाजारात लिंबाजी एकाला दिसला होता, तो नुसता "बरं हाय" म्हणाला म्हणे.

खरं लिहितो. मला राग आलाय. ती तिकडं खूश आहे. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही. मी हजार वेळा त्या वळणाकडं बघतो आणि तिला आमची आठवण पाय कोरडा ठेवा एवढ्यापुरती. बारा वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र किती राहिलो? पावसाळ्यापुरतं. तेवढ्यात माणूस कळतं का? मला वाटायचं कळतं. घरी आलं की दाराशी तांब्या घेऊन उभी असायची, मला वाटायचं ती आहेच तशी, दाराशी उभी राहणारी.

आज कुबडीशिवाय अंगणात चाललो. बोटांची कळ आहेच.

२० फेब्रुवारी, रविवार

केवळा आली.

दुपारच्या एसटीनं आली, मालनला घेऊन. मी ओट्यावर होतो आणि ओळखलंच नाही. रस्त्यानं एक बाई येत होती, लांब लांब ढांगा टाकत, डोक्यावर बोचकं, काखेत काठी. रंग जळालेला. मला वाटलं बोरीकडची कोणी मेंढकी असेल. मालन "बाबा" म्हणून ओरडली तेव्हा कळलं. मी उठायला गेलो आणि कुबडी पडली.

मालन अंगावर चढली. तिच्या केसांना कोकरांचा वास होता. मी किती वेळ नाक खुपसून होतो, माय हसायला लागली.

जेवण झाल्यावर केवळा म्हणाली, "पाय दाखवा."

ती गेली तेव्हा पाय पट्टीतच होता. उघडा तिनं बघितला नव्हता. मला दाखवायची लाज वाटली. तिनं स्वतःच माझा पाय ओढून मांडीवर घेतला. लय वेळ बघत होती. मग जिथं बोटं होती त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दुखतंय का?"

"जी बोटं न्हाईत तीच दुखतात. खोटं वाटेल तुला."

"न्हाई वाटत," म्हणाली. "मला म्हाईत हाय तसलं दुखणं."

तिला कधी काही लागल्याचं मला आठवत नाही. मोठं दुखणं कधी झालंच नाही तिला.

मग मी विचारलं, "कळप कुठवर आलाय?"

"तिथंच हाय. गंगेकाठी."

"मी निरोप दिल्ता."

"भेटला. त्याचसाठी आले." पाय मांडीवरच होता. "मेंढरं विकायची न्हाईत."

आवाज चढवला नव्हता. पण असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "कळपामागं चालणार कोण?"

"मी चालायलेय ना."

"आयुष्यभर?"

"तुमी चाललात की."

"मला तो नाद व्हता. तुला काय हाय त्याच्यात?"

ती म्हणाली, "पयल्या दिवशी पाय सोलपटले. रडले बी. पण नदीपशी आलो तवा वाटलं, ही ती जागा. तुमी सांगायचे ना, गंगेचं पाणी, वाळूतली टरबुजं, धुक्यात घंटा वाजतेत. मी हितं बसून ऐकायचे अन् मनात तुमच्यासंगं चालायचे. आता ते समदं बघितलं. अवो, तुमी सांगितल्यावानीच हाय. जरासंबी खोटं न्हाई."

मी डोळे पुसले. रानाच्या आठवणीनं.

मग तिनं बिऱ्हाडाचं सांगितलं. धुरपताला सातवा लागलाय. शिमग्याच्या आत तिला गावी आणायला पाहिजे, तिचं बाळंतपण मायच्याच हातनं. "मी दिवसभर कळपामागं. लिंबाजीभावजी बी. बिऱ्हाडावर माणूस न्हाई. व्यालेल्या माद्यांची लहान कोकरं असतेत, ती मागं राहतेत. मालन असती. चूल असती. कोण बसंल तिथं, हाच घोर लागलाय." एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली.

मी नीट विचार केला. म्हणालो, "ग्यानबाची आत्या हाय ना, एकटीच असती. तिला इचार. न्हाईतर सोनपेठकडं एखादी म्हातारी ठेवा दाण्यावर."

तिनं पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. "बघते," म्हणाली.

उपाय पटला असावा. पण मग सांजेपर्यंत गप्पच होती. ओट्यावर येऊन बसली. कोपऱ्यातली जागा मी तिच्यासाठी सोडली, तर म्हणाली, "बसा तुमीच. मला आता नको ती."

मेंढरं विकायची नाहीत, एवढं मी कबूल केलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या गाडीनं गेली. मी म्हणालो, दोन दिवस राहा. ती म्हणाली मेंढरं हायेत. बारा वर्षं मी हेच शब्द बोलून गेलो आहे, नेमके हेच.

एसटी थांब्यापर्यंत कुबडी न घेता गेलो. मालन रडली. केवळानं खिडकीतून हात बाहेर काढला, मला वाटलं काही देते आहे, म्हणून मी हात वर केला. हातात काही नव्हतं. माझी बोटं धरली आणि गाडी सुटली.

३ मार्च, गुरुवार

कुबडी सोडली. टायरच्या चपलेला मोच्याकडून आत कातड्याची गादी करून घेतली. दुखतं, पण चालता येतं.

घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं झालंय. आधी ती गेली तेव्हा मेंढरं गेल्यासारखं वाटलं होतं. यावेळी मेंढरांची आठवण विशेष येत नाही आणि तरी गोड लागत नाही. काय ते कळत नाही. बहुतेक हवा बदलायला लागली म्हणून असेल.

आज मायला विचारलं, "भाकर थापायची कशी?"

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कामून?"

"सहज. आलं पाहिजे माणसाला."

तिनं पीठ मळून दिलं. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी तव्यावर पडताना घडी झाली. बायनाबाई भिंतीवरून बघून एवढी हसली की तिला ठसका लागला. तिसरी कोर कोर करपली, पण भाकरीसारखी दिसत होती. मायनं ती खाल्ली.

खाताना म्हणाली, "येडबा, एक इचारू? ती एवढ्या लांबून, मेंढरं टाकून, म्हातारी हुडकायला आल्ती का?"

मी म्हणालो, "मग कशाला?"

माय म्हणाली, "तुपलं नाव मी दिष्ट लागू नये म्हून ठेवलं व्हतं. खरं करू नको, बाबा."

१० मार्च, गुरुवार, शिवरात्र

ठरवलं. बिऱ्हाडावर मी बसणार.

नीट विचार करून ठरवलं आहे. एक म्हणजे लहान कोकरांना जाणतं माणूस लागतं, म्हातारीचं ते काम नाही. दुसरं, बसून काम आहे, पायाला त्रास नाही. कळप पुढच्या रानात गेला की मी घोडीवर बसून मागून जाऊ शकतो. तिसरं, धुरपता इथं आली की मायला सोबत होते. सगळं मेंढरांच्या सोयीचं आहे.

मायला हे असंच समजावून सांगितलं. ती शिवरात्रीचं रताळं सोलत होती. म्हणाली, "व्हय. मेंढरासाठीच जायलायस."

"मग कशासाठी?"

"मी कुटं काय म्हणले?" पण हसत होती आणि डोळे पुसत होती.

लोक काय म्हणतील ते म्हणतील. बाई कळपामागं आणि गडी चुलीपुढं. पंडितला सांगितलं तर तो म्हणाला, "चपलेत वाळू जाऊ देऊ नका, बाकी काय लाज." परवा लिंबाजी धुरपताला घेऊन येतोय. एक दिवस राहील, मग आम्ही दोघं जाऊ. केवळाला निरोप दिलेला नाही. तिनं नको म्हटलं तर?

१४ मार्च, सोमवार. गंगेकाठ

हे बिऱ्हाडावर बसून लिहितो आहे.

काल दुपारी एसटीतून उतरलो. लिंबाजी म्हणाला, थांब दादा, घोडी आणतो. मी म्हणालो, बिऱ्हाड दिसतंय तेवढं चालतो. चाललो. वाळूत पाय रुतत होता, कळ डोक्यापर्यंत जात होती, पण चाललो. बिऱ्हाडावर ग्यानबाची आत्या दोन दिवसांपुरती बसली होती, ती मला बघून तोंडाला पदर लावून निघून गेली. मालन कोकरांच्या जाळीत झोपली होती. कळप लांब कुठंतरी होता. लिंबाजीही तिकडंच गेला, मी आलोय हे तिला सांगू नको म्हणून त्याला बजावलं.

मी तीन दगड नीट मांडले. काटक्या गोळा केल्या. कोकरांना पाणी पाजलं. पीठ मळलं. भाकर थापली, फाटली, पुन्हा थापली. एवढं सगळं होईस्तोवर ऊन उतरलं आणि मग करण्यासारखं काही राहिलं नाही. बसून बघत राहिलो. नदीकडं बघितलं, मग बाभळीच्या रांगेकडं बघितलं, मग पुन्हा नदीकडं. मला माहीत आहे मेंढरं कितीला परततात. मी जन्मभर फिरवली आहेत. तरी वाटत होतं आज लय उशीर झाला, काहीतरी झालं असेल. भाकरी गार व्हायला लागल्या म्हणून त्या फडक्यात गुंडाळल्या, फडकं मांडीवर घेतलं.

मग घंटा ऐकू आल्या. धुरळा दिसला, आणि धुरळ्यामागं ती. माझं घोंगडं खांद्यावर, काठी आडवी धरलेली, तोंडानं मेंढरांना हाळी घालत. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. जवळ आली, चुलीचा धूर बघितला आणि थांबली. मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत पुढं आली, ती उभीच.

मी म्हणालो, "म्हातारी भेटली न्हाई."

तिनं आधी मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात घातली, सगळी, एक एक मोजल्यासारखी. मग हातपाय धुतले आणि चुलीजवळ येऊन बसली. मी भाकर वाढली. एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं काळी. तिनं तोडली, कालवणाला लावली, खाल्ली. दुसरी मागून घेतली.

"आज कुठवर गेल्तीस?" मी विचारलं.

तिचा घास हातातच राहिला. मग ती सांगायला लागली. कोणत्या रानात हरभरा काढलाय, कुठं विहिरीवर कुत्री अंगावर आली, काना मेंढा कसा रुसून बसला, एका शेतकरणीनं कशी हाक मारून ताक पाजलं. सांगत राहिली, हातवारे करून, मध्येच हसून. मालन माझ्या मांडीवर झोपून गेली. लिंबाजी जेवून उठला तरी ती सांगतच होती. तिच्याजवळ इतकं बोलणं आहे हे मला माहीतच नव्हतं.

आज पहाटे निघताना घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "आज लांबचं रान हाय. यायला उशीर व्हईल."

मी म्हणालो, "व्हऊ दे. मी हाय हितं."